नेब्रास्काचा फुटबॉल संघ पुन्हा उभा राहील का?

विचारणारे गृहस्थ पुण्याचे आहेत. त्यांचा भाचा लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात एम.एस. करतोय. पहिल्याच सेमिस्टरला मित्रांनी त्याला लाल टी-शर्ट घालून स्टेडियमवर नेलं आणि तेव्हापासून पोरगं त्या फुटबॉल संघाच्या नादी लागलंय. सप्टेंबरात फोनवर उत्साह ओसंडत असतो, नोव्हेंबर आला की आवाज पडतो. शेजारच्या सीटवरचे म्हातारे त्याला सांगतात, आम्ही एके काळी देशात पहिले होतो, पुन्हा होऊ. मामांचे प्रश्न दोन. ह्या आशेत काही दम आहे, की नुसतीच जुन्या वैभवाची उजळणी? आणि भाच्याने पुढच्या वर्षी सीझन तिकिटावर पैसे घालावेत का?

मी अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या वेटरूममध्ये बरीच वर्षं काढली. पोरांकडून वजनं उचलून घेणं, त्यांना खायला लावणं, दुखापतीतून आलेल्याला पुन्हा उभं करणं, हे माझं काम. नेब्रास्कात मी कधी नोकरी केली नाही, पण त्याच पट्ट्यात, तशाच शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर केली. त्यामुळे माझं उत्तर जरा लोखंडाच्या बाजूला झुकणार, हे गृहीत धरा.

थोडक्यात सांगायचं तर संघ सावरेल. वर्षाला आठ-नऊ सामने जिंकेल, असं मला वाटतं. म्हाताऱ्यांना राष्ट्रीय विजेतेपदाचं १९९५ परत हवंय, ते येणार नाही. आणि सावरला की नाही हे सप्टेंबरात कळत नाही. नोव्हेंबरात कळतं.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी चार ओळी. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा जण, लांबट चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर असतो, पण प्रत्येक चाल सुरू होते ती समोरासमोर वाकून बसलेल्या धिप्पाड पोरांच्या टकरीने. हे लाइनमन. त्यांच्यात कोण कोणाला मागे रेटतो त्यावर बाकीच्यांचं नशीब ठरतं. सीझन ऑगस्टअखेर सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपतो. बारा सामने असतात, त्यातले सहा जिंकले की एखाद्या ‘बाउल’ सामन्याचं आमंत्रण मिळतं. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला देशातून फक्त बारा संघ जातात.

आता नेब्रास्का. राज्याची लोकसंख्या वीस लाख. मका, गुरं आणि सरळसोट रस्ते. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल ह्यांतला एकही मोठा व्यावसायिक संघ राज्यात नाही, म्हणून सगळ्या राज्याचा जीव ह्या एका कॉलेज संघात अडकलेला. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं ३ नोव्हेंबर १९६२ पासून आजवर प्रत्येक घरच्या सामन्याला संपलेली आहेत. मधल्या पडत्या वर्षांत ही परंपरा मोडू नये म्हणून देणगीदारांनी उरलेली तिकिटं उचलली, हेही खरं. पण हरणाऱ्या संघाची तिकिटं कोणीतरी अशी उचलतं, हेच मुळात विशेष. ३० ऑगस्ट २०२३ ला त्याच मैदानात मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला, तर ९२,००३ माणसं आली.

ह्या संघाची पडझड नवी नाही. १९६१ मध्येही तो असाच गाळात होता. वर्षभरात तीन विजय. पुढच्या वर्षी वायोमिंगहून बॉब डिव्हेनी नावाचे कोच आले आणि पहिल्याच सीझनला नऊ सामने जिंकले. १९७० आणि १९७१ ला राष्ट्रीय विजेतेपद. मग त्यांचे सहायक टॉम ऑस्बोर्न १९७३ ला मुख्य कोच झाले आणि १९९७ पर्यंत राहिले. पंचवीस वर्षांत २५५ विजय, तीन विजेतेपदं, आणि एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. म्हातारे बोलतात ते ह्या माणसाबद्दल.

पण हे कशाच्या जोरावर झालं? इथे माझा धंदा येतो, म्हणून जरा रेंगाळतो.

बॉइड एप्ली हा तिथला पोल व्हॉल्टचा खेळाडू. पाठ दुखावल्यामुळे एका कोपऱ्यात वजनं उचलत बसायचा. जायबंदी फुटबॉलपटू त्याच्या नादाने उचलायला लागले आणि दुखापतीआधीपेक्षा दणकट होऊन संघात परतायला लागले. ऑस्बोर्न तेव्हा सहायक कोच होते, त्यांच्या हे नजरेत आलं. त्या काळी सार्वत्रिक समजूत अशी होती की वजनं उचलली की गडी आखडतो, पाय जड होतात. डिव्हेनींनी १९६९ मध्ये एप्लीला पगारावर ठेवलं, पण बजावून ठेवलं: एकही पोरगा मंदावला तर तुझी नोकरी गेली. कोणी मंदावलं नाही. दोन वर्षांत बाकीच्यांना कळलं की ह्या मक्याच्या राज्यात काहीतरी शिजतंय. आमच्या धंद्याची राष्ट्रीय संघटनाही एप्लीनेच १९७८ मध्ये लिंकनमध्ये स्थापन केली. आज अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात वेटरूम आहे आणि पगारी प्रशिक्षक आहे, त्याचं मूळ ह्या एका कोपऱ्यात आहे.

दुसरी गोष्ट वॉक-ऑन पोरांची. शिष्यवृत्ती नाही, स्वतःच्या खर्चाने शिकायचं आणि संघात सराव करायचा. नेब्रास्कातल्या लहान गावांतून अशी पोरं डझनांनी यायची, कारण लहानपणापासून त्यांना दुसरं काही व्हायचंच नसायचं. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद जसा नव्या पोराला वर्ष-दोन वर्षं नुसती मेहनत आणि खुराक ह्यांवर ठेवतो, मोठ्या कुस्तीला हात लावू देत नाही, तसं ह्या पोरांचं चालायचं. अठराव्या वर्षी आलेला ११० किलोचा पोरगा बावीसाव्या वर्षी १३५ किलोचा आणि पहिल्यापेक्षा चपळ होऊन मैदानात उतरायचा. मधली तीन वर्षं त्याचं नाव कोणाला माहीत नसायचं.

हे २५ किलो कसे वाढतात ते बाहेरच्यांना कळत नाही. नुसतं वजन वाढवणं सोपं आहे, रोज रात्री पिझ्झा खाऊ घाला. कामाचं वजन वर्षाला सहा-आठ किलोच्या वर चढत नाही, आणि तेही पोरगा टिकून राहिला तर. आधी घोटे आणि खुबे मोकळे करावे लागतात, नाहीतर तो खाली बसूच शकत नाही. लाइनमनचं सगळं कसब खाली राहण्यात असतं. एक हात जमिनीला टेकलेला, पाठ सपाट, चेंडू हलला की पहिलं पाऊल जेमतेम वीतभर, आणि दुसरं पाऊल टेकायच्या आत दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर. ज्याचे खांदे खाली, तो जिंकला. हे शिकवायला तीन उन्हाळे आणि तीन हिवाळे लागतात. एका उन्हाळ्यात हे शिकवल्याचा दावा करणारे कोच मी पाहिले आहेत. त्यांची पोरं सप्टेंबरात छान दिसतात.

तर नेब्रास्काचं भांडवल हे होतं: सगळ्यांच्या आधीची वेटरूम, फुकट येणारी शंभर पोरं, आणि ती पोरं चार-पाच वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली राहतील ह्याची खात्री. १९९५ चा संघ सामन्यामागे सरासरी जवळपास ४०० यार्ड नुसता धावून काढायचा आणि अंतिम सामन्यात त्याने फ्लोरिडाला ६२–२४ असं लोळवलं, ते ह्या भांडवलावर.

ते भांडवल कसं गेलं? एका दिवसात नाही गेलं. वेटरूमची नक्कल सगळ्यांनी केली. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टीव्हीवरचे निर्बंध सुटले आणि कुठल्याही कॉलेजचा सामना कुठेही दिसायला लागला, त्यामुळे टीव्हीवर झळकण्यासाठी लिंकनला यायची गरज संपली. १९९६ ला नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या नव्या गटात, गेलं आणि शैक्षणिक पात्रतेत थोडक्यात कमी पडलेली पोरं घेण्याची जी मुभा नेब्रास्का सढळ हाताने वापरत असे, ती आवळली गेली. २०११ मध्ये विद्यापीठ बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेलं. पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय, पण टेक्ससमधल्या सामन्यांबरोबर टेक्ससमधली पोरंही सुटली.

आणि मग कोच बदलण्याचा नाद. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ऑस्बोर्ननंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांनी ५८ सामने जिंकले, १९ हरले. १९९९ ला त्यांनी कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. नेब्रास्काचं ते आजवरचं शेवटचं. २००१ च्या सीझनला संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात होता. २००३ ला नऊ जिंकून तीन हरले, आणि त्यांना काढलं. कारण काय, तर आम्हाला नऊवर समाधान मानायचं नाही. नंतर आलेल्या बिल कॅलाहन यांनी चेंडू घेऊन धावायची जुनी पद्धत मोडीत काढली आणि पहिल्याच वर्षी, २००४ ला, संघ ५–६ वर आला, म्हणजे पाच विजय, सहा पराभव. १९६१ नंतरचा तो पहिला तोट्याचा सीझन, आणि सलग पस्तीस वर्षं चाललेली बाउल सामन्यांची मालिका तिथेच तुटली. मग बो पेलिनी. सात वर्षं, एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्यांनाही २०१४ ला नऊ-तीनवर घरी पाठवलं. पेलिनींचा स्वभाव तापट होता, त्यावरून वाद झाले, सगळं मान्य. पण आकडा बघा. ज्या नऊ विजयांसाठी आज अख्खं राज्य देव पाण्यात घालून बसलंय, त्याच नऊ विजयांवर त्यांनी दोन माणसांना काढून टाकलं.

शेजारी आयोवा आहे. तिथे कर्क फेरेंट्झ १९९९ च्या सीझनपासून कोच आहेत. पहिल्या वर्षी १–१०, दुसऱ्या वर्षी ३–९. लिंकनमध्ये असते तर तिसऱ्या वर्षी सामान बांधलं असतं. त्यांना ठेवलं. तेवढ्या काळात नेब्रास्काने सोलिच, कॅलाहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट आणि आता मॅट रूल असे सहा जण पाहिले. २०१५ पासून दोघांच्या अकरा सामन्यांत नेब्रास्का एकदाच जिंकलाय, २०२२ ला.

दर कोचबरोबर वेटरूमचा माणूसही बदलतो, हे बाहेर कोणी लक्षात घेत नाही. एक येतो, त्याला ऑलिम्पिक पद्धतीचं उचलणं आवडतं. पोरं दीड वर्ष क्लीन, म्हणजे जमिनीवरून झटक्यात खांद्यापर्यंत वजन उचलणं, शिकतात. दुसरा येतो, तो म्हणतो हे सगळं बंद, आपण फक्त वेगावर काम करू. तिसरा आल्या आल्या सगळ्यांचं वजन सात किलोने कमी करायला सांगतो. पोरगा एकच असतो, गुडघे तेच असतात.

स्कॉट फ्रॉस्टबद्दल लोक आजही हळहळतात. घरचा पोरगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, आणि कोच म्हणून आदल्याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडाला अपराजित ठेवून आलेला. २०१८ ला आला तेव्हा राज्यात दिवाळी होती. १६ जिंकले, ३१ हरले. त्यातली गंमत म्हणा की यातना म्हणा, २०२१ चा सीझन: तीन विजय, नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. वर्षभरात ह्यांनी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुण जास्त केले होते! आठ किंवा कमी गुणांनी निकाल लागलेल्या सामन्यांत फ्रॉस्टची एकूण कामगिरी ५–२२. हातातोंडाशी आलेला घास दर आठवड्याला जायचा. २०२२ ला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८–१७ अशी आघाडी असताना चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून त्याने अचानक छोट्या किकचा जुगार खेळला, चेंडू समोरच्यांना मिळाला, आणि सामना ३१–२८ असा गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्याला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर नुकसानभरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तीन आठवडेही थांबवलं नाही, इतका वीट आला होता.

असे निसटते पराभव लोक दुर्दैवावर ढकलतात. काही असतात दुर्दैवाचे. पण ५–२२ हे दुर्दैव नसतं. शेवटच्या दहा मिनिटांत तुमची लाइन दमलेली असते आणि दमलेला माणूस उभा होतो. खांदे वर येतात. तिसऱ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा असतो, तो मिळत नाही. मग कोच घाबरून काहीतरी चलाखी करतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या चलाखीची चर्चा होते.

आता सध्याचे कोच. मॅट रूल यांना २०२२ च्या नोव्हेंबरात आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर आणलं. त्यांची ख्याती बुडालेली जहाजं वर काढण्याची. टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी २–१०, तिसऱ्या वर्षी १०–४. बेलर विद्यापीठ घाणेरड्या प्रकरणातून जात असताना तिथे गेले, पहिल्या वर्षी १–११, तिसऱ्या वर्षी ११–३. दोन्हीकडे तिसरं वर्ष सोन्याचं. त्यामुळे नेब्रास्कातही सगळ्यांनी बोटं मोजायला घेतली. २०२३ ला ५–७. २०२४ ला ७–६, आठ वर्षांत पहिल्यांदा बाउल सामना आणि त्यात बॉस्टन कॉलेजवर २०–१५ असा विजय. तिसरं वर्ष २०२५: पुन्हा ७–६, शेवटी लास व्हेगासमध्ये युटाकडून ४४–२२ असा मार. मधल्या काळात विद्यापीठाने त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवलाही. क्वार्टरबॅक डिलन रायोला, ज्याचे वडील इथलेच नामवंत लाइनमन आणि ज्याच्याकडून सगळ्या आशा, तो पाय मोडून घेऊन बसला आणि सीझन संपल्यावर ओरेगनला निघून गेला.

वरवर बघता पहिले पाढे पंचावन्न. पण मी आकडे जरा वेगळे मांडतो. २०२३ ला रूल पाच सामने सात किंवा कमी गुणांनी हरले, त्यातले चार तीन-तीन गुणांनी. २०२५ ला असे अटीतटीचे सहा सामने झाले, त्यातले चार जिंकले: सिनसिनाटी २०–१७, मेरीलँड ३४–३१, नॉर्थवेस्टर्न आणि यूसीएलए दोन्ही २८–२१. ही सुधारणा खरी आहे. फ्रॉस्टच्या काळात हे चारही गेले असते. संघ घाबरणं विसरलाय.

आता दुसरा आकडा. रूल यांच्या तीन सीझनमधले फक्त नोव्हेंबरचे सामने घ्या. २०२३: ०–४. २०२४: १–३. २०२५: १–३. बारापैकी दोन. आणि २०१६ च्या सप्टेंबरात ओरेगनला हरवल्यापासून राष्ट्रीय क्रमवारीतल्या एकाही संघाला हरवलेलं नाही.

नोव्हेंबरात काय होतं ते सांगतो. ऑगस्टच्या सरावात आम्ही प्रत्येक पोराला सरावाआधी आणि सरावानंतर काट्यावर उभं करतो. दोन-तीन किलो घाम सहज जातो. दुसऱ्या सकाळी तो परत भरून आला नाही तर त्याला बाजूला घेऊन पाणी, मीठ, भात, जे असेल ते खाऊ घालायचं. तिथवर सगळे दक्ष असतात. ऑक्टोबर लागला की परीक्षा असतात, प्रवास असतात, बोटं मोडलेली असतात, झोप नसते. वेटरूममध्ये आठवड्याला दोनच तास मिळतात. वहीतला आकडा दर आठवड्याला पाव-अर्धा किलो खाली सरकतो. १४० किलोचा पोरगा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला १३६ चा होतो आणि स्क्वॉटला पूर्वीचं वजन घेत नाही. ज्याच्या जागी बदली खेळाडू आहे त्याला शनिवारी वीस चाली विश्रांती मिळते. ज्याच्या मागे कोणी नाही, तो सत्तरच्या सत्तर चाली खेळतो. हा मागे उभा असलेला बदली गडी म्हणजेच तो निनावी, तिसऱ्या वर्षाचा वॉक-ऑन. नोव्हेंबरचे सामने तो जिंकून देतो.

२०२५ ला नेब्रास्काकडे तो नव्हता, हे डोळ्यांना दिसत होतं. मिनेसोटाने रायोलाला एका सामन्यात नऊ वेळा पाडलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दोन सामन्यांत पेन स्टेटकडून ३७–१०, आयोवाकडून ४०–१६. आयोवाने त्याआधीच्या दोन्ही वर्षी १३–१० असंच हरवलं होतं, दोन्ही वेळा अखेरच्या किकवर. म्हणजे तेव्हा अंतर तीन गुणांचं होतं ते चोवीस झालं. ह्यावर रूल यांनी लाइनचे कोच बदलले. मी असतो तर आधी ऑक्टोबरची वजनाची वही मागवली असती. कदाचित त्यांनी मागवली असेलही.

इथे कोणीही विचारेल, आणि विचारावंच: मग इंडियानाचं काय? २०२३ ला ३–९ असलेला, देशात सर्वाधिक पराभव खाती असलेल्यांपैकी एक संघ. कर्ट सिग्नेटी आले. २०२४ ला ११–२, आणि त्यात नेब्रास्काला ५६–७ असं धुतलं. तेव्हा नेब्रास्का ५–१ असा फॉर्मात होता. २०२५ ला तर सोळापैकी सोळा जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. दोन वर्षांत. तीन हिवाळे-उन्हाळ्यांचं माझं पुराण कुठे गेलं?

कुठेही गेलं नाही. सिग्नेटींनी आधीच्या कॉलेजमधून डझनभर पोरं बरोबर आणली. ती तेवीस-चोवीस वर्षांची, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, त्यांच्याच वेटरूममध्ये तीन-चार हिवाळे काढलेली. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलू शकतो, त्यामुळे मुरलेलं लोणचं बरणीसकट दुसऱ्या घरी नेता येतं. मेहनत झालीच, दुसऱ्याच्या पत्त्यावर झाली. आणि निवड चोख. शाळेतून येताना जाणकारांनी दिलेले किती तारे मिरवतो ह्यापेक्षा किती सामने खेळलाय, हे बघून घेतलेली पोरं. नेब्रास्काने ह्यातून काय घ्यावं, तर नावाजलेल्या अठरा वर्षांच्या पोरामागे धावण्याऐवजी छोट्या कॉलेजात तीन वर्षं सुरुवातीपासून खेळलेले चार लाइनमन आणावेत.

जुनं उदाहरण हवं असेल तर दक्षिणेला कॅन्सस स्टेट आहे. बिल स्नायडर तिथे रुजू झाले तेव्हा त्या संघाने सलग सत्तावीस सामन्यांत एकही विजय पाहिला नव्हता. १९८९ ला त्यांनी एक सामना जिंकला. १९९० ला पाच. १९९१ ला सात. मग कुठे १९९८ ला नेब्रास्काला हरवलं, तीस वर्षांनी. सोपे प्रतिस्पर्धी निवडतात म्हणून लोक हसायचे. स्नायडर निवडत राहिले. आज पोर्टल आणि पैसा ह्यांमुळे तो मार्ग जवळजवळ बंद झालाय, कारण दुसऱ्या वर्षी चांगला निघालेला पोरगा तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे असेलच असं नाही.

पैशाचं थोडक्यात. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा आहे. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी सगळ्या खेळांना मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ही मर्यादा गाठणं नेब्रास्काला जड नाही. बिग टेनचा टीव्हीचा पैसा आहे, भरलेलं स्टेडियम आहे, ऑस्बोर्न यांच्याच नावाची नवी कोरी सराव-इमारत आहे. ह्या बाबतीत आशेला आधार आहे. पण त्याच तडजोडीत फुटबॉल संघाची संख्या १०५ वर बांधली गेली, आणि नेब्रास्काकडे आधी दीडशेच्या घरात पोरं असायची. आधीपासून संघात असलेल्यांना सवलत मिळाली, पण नव्यांसाठी दार अरुंद झालं. म्हणजे ज्या गोष्टीत हे राज्य इतरांपेक्षा खरोखर वेगळं होतं, तिच्यावरच कायद्याने कात्री लागली. म्हाताऱ्यांना १९९५ परत मिळणार नाही असं मी म्हणतो ते ह्यामुळे. ती पद्धत वापरणारा माणूस मिळेल, पण ती पोरं ठेवायला जागाच नाही.

मग आठ-नऊ विजय कुठून येतील? तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक, रूल यांना काढणं विद्यापीठाला आता फार महागात पडेल, त्यामुळे नाइलाजाने का होईना, धीर धरला जाईल. नाइलाजाचा धीरही वेटरूममध्ये चालतो. दोन, अटीतटीचे सामने जिंकायची सवय लागली आहे आणि ती सहसा परत जात नाही. तीन, पैसा आहे, आणि लाइनमन हा अजूनही क्वार्टरबॅकच्या मानाने स्वस्त मिळणारा माल आहे. ह्यातून प्लेऑफ एखाद्या वर्षी लागेलही. दर वर्षी लागेल अशी आशा धरणाऱ्याने पेलिनींना काढल्याचं वर्ष आठवावं.

भाच्याला काय बघायला सांगावं? चेंडूकडे बघू नकोस. चाल सुरू होते तेव्हा लाल ‘एन’ असलेली पांढरी हेल्मेटं मागे सरकतात की पुढे, तेवढंच बघ. दुसऱ्या हाफमध्ये लाइनमध्ये कोण बदली येतोय आणि आल्यावर टिकतोय का, ते बघ. तिसऱ्या प्रयत्नाला एक-दोन यार्ड हवे असताना सरळ धावतात की फेकाफेकी करतात, ते बघ. जो कोच स्वतःच्या लाइनवर विश्वास ठेवतो तो धावतो. आणि डिसेंबर-जानेवारीत पोर्टलमधून कोण आलं ह्याच्या बातम्या वाचताना आधी हे शोध की गेल्या वर्षीच्या लाइनमधले किती जण थांबले.

सीझन तिकीट घ्यावं का, हा दुसरा प्रश्न. विद्यार्थ्यांसाठीचं असेल तर जरूर घ्यावं. दोन वर्षांनी तो नोकरीला दुसऱ्या राज्यात जाईल, मग असं मैदान पुन्हा मिळणार नाही, संघ जिंको वा हरो. सप्टेंबरातल्या दुबळ्या पाहुण्या संघांविरुद्धच्या सामन्यांचे पास नियमात बसत असेल तर मित्रांना दिले तरी चालतील, त्यात कळण्यासारखं काही नसतं. नोव्हेंबरचे मात्र स्वतःकडे ठेवावेत. आणि तिथला नोव्हेंबर पुण्याच्या पोराला सोसणारा नाही. हातमोजे, लोकरीचे मोजे आणि आतून घालायचा थर्मल इथूनच पाठवा, तिथे महाग पडतं.